कथा अपुरी असताना

लहानपणी ज्यांच्या घरी 'चांदोबा' येत असे त्यांना विक्रमराजाची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत आणि भोवती स्मशानातला काळोख. २०२० साली दिवंगत झालेले चित्रकार शंकर यांनी रेखाटलेले हे चित्र दोन-तीन पिढ्यांच्या मनात कोरले गेले आहे. राजा झाडावरून प्रेत उतरवून चालू लागे, प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगे आणि शेवटी एक अवघड प्रश्न घाली. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार; आणि बोलला तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणार. न्यायी राजाला बोलावेच लागे. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झाड, तेच प्रेत आणि तोच राजा.

मूळ कथेत असे नाही. अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त ज्या पंचवीस वेताळकथा गुंफल्या, त्यांना शेवट आहे. अखेरच्या प्रश्नाचे उत्तर राजाला सुचत नाही, तो खरोखरीच निरुत्तर होतो. आणि ज्या भिक्षूसाठी तो हे ओझे वाहत आहे त्याचे कपट वेताळ प्रसन्न होऊन त्याला सांगून टाकतो. सोमदेवाचा राजा कोठेतरी पोहोचतो. १९५२ साली मराठीत सुरू झालेल्या 'चांदोबा'ला मात्र ही पंचविसावी कथा परवडण्यासारखी नव्हती. तसे झाले असते तर सारा मामला जेमतेम दोन वर्षांत आटोपला असता. म्हणून नव्या कथा रचल्या जात राहिल्या आणि विक्रमराजा दशकानुदशके तेच प्रेत वाहत राहिला. तो एका दिवसाने वृद्ध झाला नाही की एका अनुभवाने शहाणा झाला नाही. आम्हां मुलांचे त्यावाचून काही अडले नाही. आम्हांला गोष्ट हवी होती. राजाच्या मनात काय चालले आहे याची चौकशी आम्ही कधी केली नाही.

आज ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील आपली तरुण मुले-मुली ज्या चित्रकथांच्या मागे आहेत, त्यांत नेमकी हीच चौकशी मुख्य असते. जपानमध्ये या चित्रकथांना 'मांगा' म्हणतात. त्या बहुधा काळ्या-पांढऱ्या असतात, उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात, आणि आधी एखाद्या साप्ताहिकात वा मासिकात प्रकरणाप्रकरणाने छापून येऊन मग त्यांचे खंड निघतात. 'वन पीस' नावाची समुद्री चाच्यांची अद्‌भुत कथा एइचिरो ओडा यांनी जुलै १९९७ मध्ये आरंभिली, म्हणजे ज्या वर्षी मदर तेरेसा प्रभूघरी गेल्या त्या वर्षी. तिचे शंभराहून अधिक खंड झाले तरी ती अद्यापि संपलेली नाही. शाळेत असताना तिच्या नादी लागलेला डोंबिवलीचा मुलगा आता नोकरीला लागून सकाळच्या लोकलमध्ये दाराशी लोंबकळत तिचे पुढचे प्रकरण मोबाइलवर वाचतो. आईवडील मजकडे येऊन विचारतात, "फादर, हे काय चालले आहे? राक्षस, मंत्रतंत्र, रक्तपात! आणि एवढ्या मोठ्या वयात चित्रांची पुस्तके?"

चित्रांविषयी एवढेच सांगतो की, ज्या पालकांनी स्वतः लहानपणी दूरदर्शनवर मोगलीची 'जंगल बुक' मालिका रविवार न चुकवता पाहिली, त्यांनी ही तक्रार जरा जपून करावी. तो मोगलीही जपानी चित्रकारांच्याच हातचा होता. अद्‌भुताविषयीही फार घाबरण्याचे कारण नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे टोल्किन हे निष्ठावंत कॅथलिक होते. आणि हप्त्याहप्त्याने कथा वाचण्याची खोड आपल्याकडे नवी आहे असेही नाही. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या १८९० साली निघालेल्या 'करमणूक' पत्रात अशाच तुकड्यातुकड्याने येत. ज्या कल्याणात १८६४ पासून आणि ज्या ठाण्यात १८९३ पासून सार्वजनिक ग्रंथालये नांदत आहेत, तेथील वाचकांच्या किती पिढ्यांनी 'क्रमशः' या शब्दापाशी उसासे टाकले असतील!

पालकांच्या शंकेतला जो भाग मला विचार करण्याजोगा वाटतो तो निराळाच आहे. एखाद्या काल्पनिक व्यक्तीच्या सोबतीने माणूस दहा दहा वर्षे घालवतो, तेव्हा त्या सोबतीचा त्याच्या नैतिक दृष्टीवर काय परिणाम होतो? खऱ्या माणसांचा न्याय करण्याची त्याची रीत त्यामुळे सुधारते की बिघडते? आमच्या युवकांकडून पुस्तके मागून घेऊन गेली काही वर्षे मी त्यांतल्या तीन-चार मालिका वाचल्या. शुक्रवारी संध्याकाळी सभागृहात त्यांवर वाद घालणारी मुले पाहिली. माझे मत असे बनले आहे की, येथे एक फार मौल्यवान गोष्ट शिकायला मिळते आणि तिच्या अगदी शेजारीच एक धोका उभा असतो.

मौल्यवान गोष्ट कोणती, ते 'फुलमेटल अल्केमिस्ट' या मालिकेवरून सांगता येईल. होक्काइडो बेटावर दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी कुटुंबात वाढलेल्या हिरोमु अराकावा या लेखिकेने ती २००१ ते २०१० या काळात एका मासिकातून लिहिली व रेखाटली. एकशे आठ प्रकरणे, सत्तावीस खंड. एडवर्ड आणि आल्फोन्स हे दोघे भाऊ किमया जाणतात. आई वारल्यावर ते तिला परत आणू पाहतात. इतके लिटर पाणी, इतके किलो कार्बन, इतके ग्रॅम गंधक. मानवी देहात जे जे असते ते सारे ते तोलून मापून एकत्र करतात. आई परत येत नाही. थोरल्याचा एक पाय जातो, धाकट्याचे सबंध शरीर जाते, आणि धाकट्याचा आत्मा एका चिलखतात अडकवून ठेवण्यासाठी थोरला आपला हातही गमावतो. एकाचे वय अकरा, दुसऱ्याचे दहा. या कथेत मेलेले माणूस परत येत नाही, हा नियम लेखिका अखेरपर्यंत पाळते.

याच कथेत एक मारेकरी आहे. त्याचे नाव वाचकाला कधीच कळत नाही. चेहऱ्यावरच्या व्रणावरून त्याला 'स्कार' म्हणतात. सरकारी किमयागारांनी त्याच्या इश्वाल जमातीचा संहार केलेला असतो, म्हणून तो त्यांना एकेक करून ठार मारत हिंडतो. तो प्रथम येतो तेव्हा वाचकाला तो केवळ भयानक वाटतो. मग इश्वालच्या संहाराची हकीकत उलगडते आणि त्याच्याविषयी कणव वाटू लागते. ती जरा स्थिरावते न स्थिरावते तोच आणखी एक गोष्ट उघड होते. त्या युद्धात शत्रू-मित्र न पाहता जखमींची शुश्रूषा करणारे एक डॉक्टर दांपत्य होते. त्यांनीच स्कारला वाचवले, आणि शुद्धीवर येताच दुःखाने वेड्या झालेल्या त्या माणसाने त्या दोघांना मारले. त्यांची मुलगी विन्री हीच एडवर्डला पोलादी हात-पाय करून देणारी त्याची बालमैत्रीण.

विन्रीला हे कळते तेव्हा स्कार तिच्या समोरच असतो आणि जवळ पिस्तूल पडलेले असते. ती ते उचलते. पण तिच्याने चाप ओढवत नाही आणि एडवर्ड ते तिच्या हातून काढून घेतो. त्यानंतर मासिकाचे कित्येक अंक येतात नि जातात. वाचणारी मुले एका इयत्तेतून दुसऱ्या इयत्तेत जातात. मग बर्फाळ उत्तरेत एके ठिकाणी विन्री पुन्हा त्याच्यासमोर येते. या वेळी तो पकडलेला आहे आणि त्याच्या दंडातून रक्त वाहत आहे. ती वाकून त्याची जखम बांधते. आपले आईवडील असते तर त्यांनी हेच केले असते, असे ती सांगते. आणि याचा अर्थ मी तुला क्षमा केली असा नव्हे, हेही ती स्पष्ट करते.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्ही क्षमेवर पुष्कळ पाने वाचली. प्रीती म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे, ही संत थॉमस अक्विनास यांची व्याख्या आम्हांला पाठ होती. भावना आपल्या हाती नसते, इच्छा असते. म्हणून शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा देता येते, शत्रू आवडून घेण्याची देता येत नाही. हे सारे मी प्रवचनांत सांगत आलो आहे. परंतु त्या मुलीच्या हातातील पट्टीने ते जितके नेमके सांगितले तितके नेमके क्वचितच सांगितले गेले असेल. तिचे भले इच्छिणे खरे आहे आणि तिचे क्षमा न करणेही खरे आहे; लेखिका दोहोंतले एकही पुसून टाकत नाही. आणि ही घटना कोणा एका दहा पानी बोधकथेत सांगता आली नसती. वाचकाने आधी त्या माणसाला भ्यायला हवे होते, मग त्याची दया यायला हवी होती, मग ती दया आली म्हणून शरम वाटायला हवी होती. आणि या प्रत्येकासाठी महिने जायला हवे होते. पुढे याच कथेत एक सेनाधिकारी मित्राच्या खुन्याला जाळून टाकण्यास निघतो तेव्हा त्याला थोपवणाऱ्यांत स्कारही असतो. सुरुवातीच्या खंडांपाशी पुस्तक मिटणाऱ्याच्या लेखी मात्र तो खुनीच राहील.

ग्रीक ज्ञानी सोलोन याने क्रोएसस राजाला सांगितले होते म्हणतात की, मरणापूर्वी कोणालाही सुखी म्हणू नये. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात या मताची चिकित्सा केली आहे. सुखाविषयी त्याला ते सरसकट मान्य नव्हते. माणसाच्या बऱ्यावाईटपणाविषयी मात्र मला सोलोनची सावधगिरी योग्य वाटते. कृत्याचा निवाडा आज करावा लागतो. खून तो खून, मार तो मार. परंतु ते कृत्य करणारा माणूस 'हाच आणि एवढाच' असे म्हणणे म्हणजे कथा अपुरी असताना शेवटचे पान आपणच लिहून टाकणे होय. दीर्घ कथा वाचणाऱ्याला ही घाई सोडण्याची सवय लागते. लागली तर.

आता धोका. लोकप्रिय साप्ताहिकांतल्या या मालिकांचे गणित आमच्या 'चांदोबा'पेक्षा वेगळे नाही. 'शोनेन जम्प'सारखे साप्ताहिक वाचकांकडून कौल मागवते. ज्या कथेला मते नाहीत ती लवकर आटोपती घ्यावी लागते, जिला आहेत ती लांबत जाते. वाचकांना प्रिय झालेला खलनायक सहसा लवकर मरत नाही. मग त्याला आपलासा करण्यासाठी एक ठरावीक युक्ती योजली जाते. पराभवाच्या क्षणी त्याचे दुःखी बालपण उलगडून दाखवायचे. १९९९ ते २०१४ या काळात चाललेल्या, बहात्तर खंडांच्या 'नारुतो' या मालिकेत हे मी इतक्या वेळा पाहिले की, पुढे पुढे कोणाच्या डोळ्यांत पाणी आले की आता बालपण येणार हे मला आधीच कळू लागले. त्यांतील एक प्रसंग तर फार गाजलेला आहे. लहानपणी युद्धात आईवडील गमावलेला नागातो नायकाचे सबंध गाव उद्‌ध्वस्त करतो, असंख्य माणसे मारतो. नायक त्याच्याशी बोलतो, त्याचे मन पालटते, आणि तो स्वतःचे प्राण देऊन मारलेल्या सर्वांना पुन्हा जिवंत करतो. युवकांना हा प्रसंग अतिशय आवडतो. मला तो स्वस्त वाटतो. मेलेले सारे उठून उभे राहिले की क्षमा करायला उरतेच काय? खऱ्या जगात ज्याला क्षमा करायची असते त्याच्या घरातली एक खुर्ची रिकामीच राहिलेली असते.

याहून गंभीर धोका 'अटॅक ऑन टायटन' या मालिकेत दिसतो. हाजिमे इसायामा यांनी ती २००९ ते २०२१ अशी बारा वर्षे लिहिली. चौतीस खंड आहेत. (जे अजून वाचत असतील त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे.) एरेन नावाच्या मुलाच्या डोळ्यांदेखत एक महाकाय राक्षस त्याच्या आईला खातो. सारे राक्षस संपवीन, अशी तो शपथ घेतो, आणि वाचक वर्षानुवर्षे त्याच्या बाजूने उभा राहतो. पुढे समुद्रापलीकडेही माणसेच राहतात आणि तीच आपली शत्रू आहेत, हे त्याला कळते. शेवटी हाच एरेन तटबंदीत दडलेले असंख्य महाकाय जगावर सोडतो आणि देशच्या देश तुडवून टाकतो. ज्यांच्यासाठी म्हणून तो हे करतो ते मित्रच अखेर त्याला ठार करतात. शेवटचा घाव घालते ती त्याच्यावर सर्वांत अधिक प्रेम करणारी मिकासा. आमच्या सभागृहात या शेवटावर जो वाद झाला तो मी विसरणार नाही. पाच-सहा शहाणी, रविवारी मिस्साला येणारी मुले त्या संहाराचे समर्थन करत होती. "त्याला दुसरा मार्गच नव्हता, फादर." मी विचारले, हाच मनुष्य पहिल्या पानावर परका म्हणून आला असता तर? थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक मुलगी म्हणाली, "पण आम्ही त्याला लहानपणापासून ओळखतो."

हे वाक्य मी कोठे कोठे ऐकले आहे! पोलीस चौकीवरून मुलाला सोडवून आणणाऱ्या बापाकडून, सुनेच्या अंगावरचे वळ पाहूनही मुलाची बाजू घेणाऱ्या आईकडून. दीर्घ ओळख आपल्याला माणसाविषयी धीर धरायला शिकवते, आणि तीच ओळख त्याच्या कृत्याविषयी आंधळेही करते. औषधाची आणि विषाची बाटली एकाच फळीवर असावी तसे हे आहे. इसायामांनी वाचकाला जाणूनबुजून या सापळ्यात नेले, असे मी मानतो. आपण ज्याला वाढवले त्याच्या विरुद्ध उभे राहण्याचे बळ तुमच्यात आहे काय, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि मिकासाने तो सोडवला. तिने त्याच्यावर प्रेम करणे थांबवले नाही. तिने त्याला थांबवले.

या सगळ्याशी पवित्र शास्त्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा आपल्याला ठाऊक असते. पण आपण ती कशी ऐकतो ते पाहावे. उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातील शुक्रवारी मिस्सामध्ये सदतिसाव्या अध्यायाचे वाचन असते. त्यात यहूदा हा भाऊ पुढे येतो आणि योसेफाला मारून काय लाभ, त्याला विकून टाकू, असे सुचवतो. यहूदाची आपली ओळख ही. पुढे अडतिसाव्या अध्यायात विधवा सून तामार हिला तो न्याय नाकारतो. तिला जाळण्याची आज्ञा देतो. आणि तिने त्याच्याच गहाणवस्तू, मुद्रा, दोरी नि काठी, त्याच्यापुढे ठेवल्यावर सर्वांदेखत कबूल करतो की, ती माझ्याहून नीतिमान आहे. वर्षे लोटतात. दुष्काळात धान्यासाठी मिसरात गेलेल्या भावांपुढे संकट उभे राहते. धाकट्या बन्यामीनला तेथे गुलाम म्हणून ठेवून घेतले जाणार असते. तेव्हा हाच यहूदा पुढे होतो आणि म्हणतो, याच्या जागी मला गुलाम करा. बापाजवळ त्याने या मुलाविषयी जामीन राहण्याचे वचन दिलेले असते. हिब्रू मूळात 'जामीन राहणे' आणि तामारकडे ठेवलेले 'गहाण' हे शब्द एकाच धातूपासून आले आहेत. भावाला विकणारा माणूस भावासाठी स्वतःला देऊ करतो. त्याच क्षणी योसेफाचा बांध फुटतो आणि तो आपली ओळख देतो.

आता गंमत अशी, किंबहुना ही गंमत नव्हेच, की सामान्य काळाच्या चौदाव्या आठवड्यात, विषम वर्षी, गुरुवारी जे वाचन ठरलेले आहे त्यात यहूदाचे भाषण सुरू होते, पण अर्ध्यावर थांबून एकदम पुढच्या अध्यायावर जाते. 'याच्या जागी मला ठेवा' ही ओवी गाळलेली आहे. म्हणजे जो श्रद्धाळू वर्षानुवर्षे रोजच्या मिस्साला न चुकता येतो, त्याने यहूदाला भाऊ विकताना अनेकदा ऐकले आणि भावासाठी स्वतःला देताना एकदाही ऐकले नाही. वाचनांची लांबी आटोपशीर ठेवावी लागते हे मला समजते. सकाळच्या मिस्सानंतर लोकांना गाडी पकडायची असते. पण तुकड्यातुकड्याने ऐकणाऱ्याच्या मनात माणसे गोठून जातात. यहूदा विकणाराच राहतो, जसा आमचा विक्रमराजा प्रेत वाहणाराच राहिला. सलग वाचणाऱ्या मुलांच्या मनात ती हालचाल करतात. योसेफाला खड्ड्यात टाकले तेव्हा तो विनवण्या करत होता, हे सदतिसावा अध्याय सांगतच नाही! ते पाच अध्याय पुढे, भावांच्या अपराधी आठवणीतून प्रथमच आपल्या कानांवर येते. हे मी युवकांना दाखवले तेव्हा एक जण ताबडतोब उद्‌गारला, "फादर, हे तर मांगासारखे आहे!" मी त्याला कालक्रम ध्यानात आणून दिला.

मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो तेथील एक प्रसंग, ओळख पटू नये इतका बदलून, येथे सांगणे उचित वाटते. दारू सोडून सहा वर्षे झालेल्या एका गृहस्थांचे नाव मिस्सातील वाचकांच्या यादीसाठी पुढे आले. समितीत बरेच जण गप्प बसले आणि दोघांनी स्पष्ट विरोध केला. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पूर्वी याच माणसाने सणाच्या दिवशी, सर्वांच्या देखत, पत्नीवर हात उगारला होता. एक तरुण सदस्य मोठ्या तळमळीने म्हणाला की, माणूस बदलतो, आपण त्याला क्षमा केली पाहिजे. मला ते 'आपण' खटकले. मार आपण खाल्ला नव्हता. ज्या क्षमेची किंमत आपल्याला पडत नाही ती वाटायला कोणीही उदार होतो. नागातोच्या प्रसंगावर टाळ्या वाजवणारा वाचक तसाच असतो. समितीच्या संमतीने मी त्या बाईंना एकट्यांना भेटून विचारले. त्या बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "वाचू दे त्यांना, फादर. चांगले वाचतात. मी त्या दिवशी मागच्या बाकावर बसेन."

त्यांनी क्षमा केली होती की नाही, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. ते गृहस्थ वाचू लागले. त्या मागच्या बाकावर बसत. माझी बदली होईपर्यंत तरी तसेच चालले होते.

गेल्या उपवासकाळात आम्ही युवकांबरोबर योसेफाची सबंध कथा, सदतिसाव्या अध्यायापासून पन्नासाव्यापर्यंत, एका बैठकीत मोठ्याने वाचली. मध्ये फक्त चहासाठी थांबलो. भावांची भेट झाली, रडणे झाले, म्हातारा याकोब मिसरात येऊन पोहोचला, तेव्हा काही जणांनी पुस्तके मिटायला घेतली. कथा संपली असे त्यांना वाटले. ती संपलेली नव्हती. याकोब तेथे सतरा वर्षे जगतो आणि मरतो. त्याला मूठमाती देऊन परतल्यावर त्याच भावांच्या मनात भय दाटते की, बाप होता म्हणून योसेफ गप्प होता, आता तो आपल्या दुष्कृत्याचा सूड घेईल. ते त्याच्याकडे निरोप पाठवतात की, आम्हांला क्षमा करावी अशी बापाचीच इच्छा होती. बापाने असे काही म्हटल्याचे कथेत कोठेही आलेले नाही.

"म्हणजे सतरा वर्षे त्यांचा त्याच्यावर विश्वासच बसला नव्हता?" ज्या मुलीने एरेनला आपण लहानपणापासून ओळखतो असे म्हटले होते तिनेच विचारले. मी तिला पुढची ओळ वाचायला सांगितली. तो निरोप ऐकून योसेफ रडला, एवढेच तिथे लिहिले आहे. का रडला ते लिहिलेले नाही. मुलांनी त्यावर अर्धा तास वाद घातला. शेवटची कल्याण गाडी चुकेल म्हणून मला दिवे मालवावे लागले.